मदत हवी आहे: मेरी लू विल्यम्स कुठून ऐकायला घेऊ?

मंडळी, जॅझमधलं मला फारसं कळत नाही, घरच्याघरी पेटी वाजवतो एवढंच, पण गेले पंधरा दिवस या बाईने वेड लावलंय. जन्म १९१० चा, वाढली पिट्सबर्गला, कॅन्सस सिटीच्या अँडी कर्कच्या बँडमध्ये पियानो वाजवायची आणि वर अख्ख्या बँडसाठी लिहायचीही. १९३७ ची, क्लॅरिनेटवाल्या बेनी गुडमनच्या बँडने वाजवलेली 'रोल एम' ही धून पण हिचीच, नाव मात्र त्याचं जास्त झालं असं मला आपलं वाटतं.

तर अडलंय असं की १९३६ च्या 'वॉकिन अँड स्विंगिन'मध्ये तिने म्हणे सॅक्सोफोनच्या घोळक्यात एक ट्रंपेट मिसळलाय, हेडफोन लावून दहादा ऐकलं पण मला तो वेगळा काढताच येत नाही, कानाने ओळखायचा कसा? दुसरं म्हणजे बुगी-वुगीचा (पियानोवर डावा हात एकच ठेका सतत फिरवत राहतो तो प्रकार) डावा हात बसवायचाय, पेटीवर तो भात्यात अडकलेला म्हणून भाचीचा कीबोर्ड आणलाय, दोन मिनिटांत मनगट भरून येतं, सुरुवात किती हळू करावी?

आणि पुढे १९४५ चा तिचा 'झोडियाक सूट' (राशींवरच्या रचनांची मालिका) आधी ऐकू, की १९५४ ला पॅरिसमध्ये वाजवणं सोडून १९५७ ला न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात परत आली त्यानंतरचं? जाणकारांनी सांगा प्लीज.