अनुभव धागा: ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड बदललंय का कुणी?

गिरगावकर
काल भाच्याचा डोंबिवलीहून फोन आला. "मामा, ग्राफिक्स कार्ड टाकायचंय, पण पीसी ब्रँडेड आहे. दुकानदार म्हणतो यात काही बसणार नाही, नवीनच घ्या." आणि मला २०१७ आठवलं. आमचा पीसीही कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, ब्रँडेड. मुलीला थ्रीडी शिकायचं होतं. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, तीन दुकानांनी हेच ऐकवलं. चौथ्या दुकानातल्या काकांनी काही न बोलता कॅबिनेटचं झाकण काढलं, मोबाइलचा टॉर्च मारून एसएमपीएसवरचं (पीसीला वीज पुरवणारा डबा) स्टिकर वाचलं. २४० वॉट. म्हणाले, "स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात. तेवढ्यात भागणारं घ्या, वेगळी वायर लागणारं नको." जीटीएक्स १०५० टीआय कार्ड दिलं. स्लॉटच्या टोकाची ती छोटी पकड कट्‌कन बसली तो आवाज अजून कानात आहे. पोरगी त्याच मशीनवर ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर शिकली, आज त्यावरच नोकरी करते.
त्या काकांनी आधी स्टिकर वाचलं, किंमत मागाहून सांगितली. अशी माणसं भेटायला हवीत. तुमचेही अनुभव येऊ द्या.

ठाण्याची_मैत्रेयी
आमच्याकडे वॉटचं नाही, उंचीचं दुखणं. बारीक, आडवं कॅबिनेट. लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं कार्डच लागतं आणि सोबत छोटी पट्टीही हवी, नाहीतर मागे स्क्रू लागत नाही. उभ्या कॅबिनेटवाल्यांनी लांबीही मोजा, हार्ड डिस्कचा पिंजरा मध्ये येतो.

विरार_फास्ट
उभ्याने लिहितोय, चुका पोटात घाला. नवीन कार्ड लावून डिस्प्ले आला नाही तर घाबरू नका, आधी मॉनिटरची वायर बघा. बहुतेकांची जुन्या जागीच, मदरबोर्डवर असते. ती कार्डाच्या मागे लावायची. आमच्या मजल्यावरच्या पोराचं कार्ड या कारणाने दुकानात परत जायला निघालं होतं! बोरिवली आलं, बाकी नंतर

पार्लेकर
लॅमिंग्टन रोड म्हटलं की मला ग्रँट रोड स्टेशनसमोरचा इराणी आठवतो. बाबा आधी मावा केक खाऊ घालायचे, मग फ्लॉपीचा डबा घ्यायला न्यायचे. कार्डाचा अनुभव शून्य, पण धागा आवडला.

गिरगावकर
@पार्लेकर अहो, मावा केकशिवाय आमचीही खरेदी व्हायची नाही :)

मुलुंडची_हार्डवेअरवाली
एक कळकळीने सांगते. साटा वायरीला (हार्ड डिस्कला वीज देणारी) जोडून सहा पिनी प्लग करणारं कन्व्हर्टर स्वस्तात मिळतं, ते कार्डाला लावू नका. साटा प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे ५४ वॉट. सहा पिनी कार्ड त्या प्लगमधून ७५ वॉट मागू शकतं. वितळलेले प्लग मी हातात घेतलेत, तो जळका वास जात नाही.
आणि "एसएमपीएसच बदलू" म्हणणाऱ्यांनी आधी मदरबोर्डवरचा प्लग बघावा. बऱ्याच ब्रँडेडमध्ये नेहमीचा २४ पिनी नसतो, कंपनीचा स्वतःचा असतो. बाजारातला एसएमपीएस तिथे लागतच नाही.

कांदिवली_पूर्व
+१. सेकंडहँडबद्दल थोडं. २०२१ मध्ये किमती ऐकून घरी परत आलो होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग (कार्डांवर गणितं चालवून नाणी कमावणं) बंद झालं आणि मायनिंगची कार्डं बाजारात आली. मी घेतलं, पण दुकानदाराकडून समोर अर्धा तास लोडवर चालवून. पंख्याचा आवाज कान लावून ऐकला. घरी चिपची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट बदलली. अजून चालतंय.

दादरची_आई
कुकर लावलाय तोवर लिहिते. गेल्या पावसाळ्यात लेकाचा पीसी सुरूच होईना. माझ्या भावाने कार्ड काढलं, सोनेरी पिना शाळेच्या खोडरबरने हलकेच पुसल्या, चुरा झटकला, झालं सुरू. दमट हवेत कळकट होतात म्हणे. आता लेक व्हिडिओ एडिटिंगसाठी मोठं कार्ड मागतोय. खरंच लागतं का हो?

मुलुंडची_हार्डवेअरवाली
@दादरची_आई ताई, प्रोसेसर इंटेलचा आणि आतल्या ग्राफिक्सवाला असेल तर त्यात क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओचं काम झटपट करणारी सोय असते. साध्या एडिटिंगला आधी ती चालू करून बघा. रॅम ८ जीबी असेल तर पहिले पैसे तिथे घाला, फरक लगेच कळेल.

गिरगावकर
भाच्याने फोटो पाठवला. स्टिकरवर १८० वॉट. आरएक्स ६४०० कार्ड कसं राहील? ५३ वॉटचंच आहे. तोही व्हिडिओच करतो.

मुलुंडची_हार्डवेअरवाली
त्याला नको. गेमसाठी ठीक, पण त्यात व्हिडिओ एन्कोडर (तयार व्हिडिओ फाइल झटपट बनवणारा भाग) नाही. शिवाय ते स्लॉटमधल्या डेटाच्या चारच लेन (वाटा) वापरतं, जुन्या पीसीआय एक्सप्रेस ३ च्या बोर्डावर आणखी मंदावतं. जीटीएक्स १६५० मध्ये एन्कोडर आहे, बिनवायरीचं मॉडेल मिळतं, पण ७५ वॉट. १८० मध्ये प्रोसेसर किती खातो ते बघूनच ठरवा. प्रोसेसरचं नाव टाका.

विरार_फास्ट
पोचलो घरी. शनिवारी लॅमिंग्टन रोडला कोण येतंय? रविवारी बहुतेक दुकानं बंद.

कांदिवली_पूर्व
मी. चारला ग्रँट रोड पूर्वेला. @गिरगावकर भाच्याला कॅबिनेटच घेऊन यायला सांगा, फोटोवरून लांबी कळत नाही.