अनुभव धागा : इंग्रजी, लाज आणि आपण

विदर्भातल्या खेड्यांत शिकलेल्यांनी इथं लिहावं. कोणता क्लास लावावा हे नको. इंग्रजीपायी पोटात गोळा कधी आला, कोण हसलं, पुढं काय झालं, ते सांगा. वऱ्हाडीत, झाडीबोलीत, जसं येईल तसं. सुरुवात मीच करतो.

दर्यापूर तालुका
राज्यात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं. आमची बॅच त्याआधीची, ए बी सी डी थेट पाचवीत. दहावीला मार्क बरे पडले म्हणून अमरावतीला अकरावी सायन्स. पहिल्याच आठवड्यात सरांनी उठवलं, "व्हॉट इज रिफ्रॅक्शन?" मी गप्प. सरांनी फळ्यावर आकृती काढली तेव्हा कळलं, अरे, हे तर अपवर्तन! काचेची चीप, टाचण्या, सगळं केलेलं. पुस्तकात कंसात इंग्रजी शब्द असायचा, पण परीक्षेत येत नाही म्हणून आम्ही तो गाळून वाचायचो. मी जोरात म्हटलं, "सर, येते मले!" अख्खा वर्ग हसला. इंग्रजीला नाही, 'मले'ला. त्यानंतर वर्षभर हात वर केला नाही.

पोळ्याला गावी आलो. पानठेल्यावर तोंडातून 'अ‍ॅक्चुअली' निसटलं. "आला बाप्पा लंडनचा पावना!" म्हणजे तिकडं वऱ्हाडी लपवायची, इकडं इंग्रजी.

सुटका केली ती होस्टेलातल्या अचलपूरच्या पोरानं. रात्री लाईट बंद करून आम्ही दोघं इंग्रजीत बोलायचो. अंधारात समोरच्याचं तोंड दिसत नाही, मग चुकायला काही वाटत नाही. (खरं सांगतो, निम्म्या शिव्याच असायच्या.)

धारणी, शिक्षक
बी.एड.ला भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांचा 'अफेक्टिव्ह फिल्टर' पाठ केला होता: मनात भीती, संकोच असला की कानावर पडलेली भाषा आत उतरत नाही. पटला तो मेळघाटात. माझ्या वर्गातली पोरं घरी कोरकू बोलतात. कोरकू मुंडा कुळातली, मराठीशी तिचं नातं नाही. ही पोरं मराठी बोलताना माझ्या तोंडाकडं बघतात, हसतो का म्हणून. इंग्रजीच्या तासाला मात्र बिनधास्त ओरडतात, कारण तिथं सगळेच नवे. माझं इंग्रजीही काही फार भारी नाही, हे त्यांनी ओळखलेलं आहे.

हिंगणघाटजवळचं खेडं
पोरीले कॉन्व्हेंटात टाकलं. मीटिंगले मॅडम इंग्रजीत बोलल्या, मी नुसतं "येस मॅडम, येस मॅडम". घरी आल्यावर पोरगी म्हणे, "आई, तू नको येत जाऊ." भाकरी थापता थापता रडली मी. आता बाबा जातात. त्यायलेही काही समजत नाही, पण त्यायले ती काही म्हणत नाही.

वणी
माझा बाप चौथी पास. कृषी केंद्रात जाऊन न अडखळता म्हणते, "इमिडाक्लोप्रिड द्या, कपाशीवर मावा आला." मी एम.ए. आहो, तरी मुलाखतीत माझी जीभ टाळूले चिकटली. बापाले विचारलं, तुमाले कसं जमते? तो म्हणे, "त्यात काय जमाचं? दुकानदारही तसंच म्हणते."