मदत हवी आहे: अलॉय १८२ वेल्डमधली भेग वर्षाला ११ मिमी? हिशोब कुठे चुकतोय?

नमस्कार. पीडब्ल्यूआर (दाबाखालच्या पाण्याने थंड होणाऱ्या) अणुभट्टीच्या पात्राचे नोझल (पाइप जोडायचे तोंड) कमी-मिश्रधातूच्या पोलादाचे, पुढचा पाइप स्टेनलेसचा आणि मधला वेल्ड अलॉय ८२/१८२ या निकेल मिश्रधातूंचा आहे. त्यात ताण आणि गरम पाणी मिळून होणाऱ्या गंजाने (ताण-गंजाने) भेग वाढते. भिंत ६० मिमी, आतला व्यास ७४० मिमी, दाब १५.५ मेगापास्कल, तापमान ३२५ अंश. भेगवाढीसाठी एमआरपी-११५ या उद्योग-अहवालाचे सूत्र घेतले: वेग = १.५ × १०⁻¹² × के^१.६ मीटर प्रति सेकंद (के म्हणजे भेगेच्या टोकावरची ताण-तीव्रता, मेगापास्कल√मीटरमध्ये). के = ३० धरला तर वर्षाला जवळजवळ ११ मिमी येतात, म्हणजे साडेपाच वर्षांत आरपार! प्रत्यक्षात असे वेल्ड दशकानुदशके चालतात. एकके तीनदा तपासली आहेत. काय सुटतेय?

प्रतिसाद १
एकके बरोबर आहेत. चूक आहे ती के सगळ्या खोलीभर ३० धरण्यात. दाबामुळे येणारा परिघीय ताण फक्त ९५ मेगापास्कलच्या आसपास आहे. भेगेला खरे बळ देतो तो वेल्डचा अवशिष्ट ताण (वेल्ड थंड होताना आत अडकून राहिलेला), आणि तो भिंतीच्या जाडीत बदलत जातो. काही ठिकाणी चिन्हही पालटते. जाडीभरची ताणरेषा घ्या, भेगेच्या पृष्ठांवर १५.५ चा दाबही लावा, आणि दर मिमीला के नव्याने काढा. सेफ-एंड (नोझल आणि पाइप यांमधला छोटा तुकडा) असेल तर त्याला पाइप जोडणारा स्टेनलेसचा वेल्डही क्रमाने मॉडेलमध्ये घ्या. त्याच्या आकुंचनाने आतल्या पृष्ठावरचा ताण बराच उतरतो.

शिवाय वरचा आकडा १८२ चा आहे. ८२ ला २.६ ने भागा. भेग डेंड्राइटना (वेल्ड घट्ट होताना बनलेल्या लांबट स्फटिकांना) आडवी वाढत असेल तर आणखी निम्मे. थंड बाजूच्या २९० अंशांना, सक्रियण ऊर्जा (तापमानाचा परिणाम ठरवणारा आकडा) १३० किलोज्यूल प्रति मोल धरून, वेग सुमारे पाचपट कमी होतो. प्रेशरायझरच्या (दाब राखणाऱ्या टाकीच्या) ३४५ अंशांना उलट २.३ पट वाढतो. तरीही सूत्राला तळाची मर्यादा नाही, के कितीही कमी असला तरी ते काही ना काही वेग देतेच, हे ध्यानात ठेवा.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत, पण हिशोबाआधी बांधकामाच्या वेळचे दुरुस्तीचे कागद मागा. आतून खोदून पुन्हा भरलेला वेल्ड असेल तर आतल्या पृष्ठावर मोठा खेचताण राहतो आणि 'वेल्ड दशकानुदशके चालतात' हे गृहीतक मोडते. २००० साली अमेरिकेतल्या व्ही. सी. समर अणुऊर्जा केंद्रात हॉट लेगच्या (अणुभट्टीतून गरम पाणी नेणाऱ्या पाइपच्या) वेल्डजवळ बोरिक अ‍ॅसिडचा ढीग, म्हणजे गळलेल्या पाण्याची खूण, सापडला. आरपार गेलेली भेग अक्षीय (पाइपच्या लांबीच्या दिशेने) होती आणि त्या वेल्डवर बांधकामात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या होत्या.

अक्षीय भेग वेल्डच्या रुंदीपुरतीच वाढते, कारण नोझलच्या पोलादात आणि पाइपच्या स्टेनलेसमध्ये तिला हा ताण-गंज साथ देत नाही. गळती होते, पाइप तुटत नाही. परिघीय (पाइपभोवती गोल जाणाऱ्या) भेगेला असा अडसर नसतो. २००६ मध्ये वुल्फ क्रीक केंद्राच्या प्रेशरायझर नोझलवर परिघीय भेगांचे संकेत दिसले तेव्हा सगळे हादरले ते याचसाठी. दोन्ही दिशांचे हिशोब वेगळे करा.

धागाकर्ता
धन्यवाद! दुरुस्तीचे कागद मिळाले नाहीत तर?

प्रतिसाद २
मग आतून दुरुस्ती झाली आहे असेच धरा. अर्धी जाडी खोल, परिघाच्या काही भागात, आणि मॉडेलमध्ये ती शेवटी भरा. सुरुवातीच्या भेगेची खोली मात्र तपासणीच्या क्षमतेवरून ठरवा.

प्रतिसाद ३
तपासणीबद्दल एक. या वेल्डचे दाणे जाड आणि लांबट असतात, अल्ट्रासॉनिकची आडवी (शिअर) लहर त्यांत वळते आणि विखुरते. म्हणून १.५ ते २ मेगाहर्ट्झची अनुदैर्ध्य लहर, फेज्ड अ‍ॅरे (अनेक घटकांचा प्रोब) वापरा. बाहेरचा उंचवटा घासून सपाट करा, प्रोबखाली ०.८ मिमीहून जास्त फट राहिली तर अक्षीय भेग निसटते. २०१२ मध्ये नॉर्थ अ‍ॅना केंद्राच्या युनिट १ मध्ये ओव्हरलेच्या (वेल्डवर बाहेरून चढवायच्या मजबुतीच्या थराच्या) तयारीत बाहेरचा पृष्ठभाग उतरवताना पाणी झिरपले. आधीच्या अल्ट्रासॉनिक तपासणीला त्या भेगा दिसल्याच नव्हत्या. 'काही सापडले नाही' म्हणजे खोली शून्य असे सूत्रात टाकू नका.