‘विंडोज आणि आर दाबा’ म्हणणारं पेज

(विश्रामबाग, सांगली : सोसायटी ग्रुप)

सी-१०३ : फॉर्म डाउनलोड करताना ‘मी रोबोट नाही’वर टिक केली, तर पुढे आलं : विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. दाबायचं का?

बी-३०२ : काकू, अजिबात नको, पेज बंद करा. खरा कॅप्चा ब्राउझरच्या बाहेर कधीच नेत नाही. तुम्ही टिक करताच त्या पेजने एक कमांड गुपचूप कॉपी करून ठेवलीय. विंडोज-आरने ‘रन’ ही कमांड चालवायची चौकट उघडते, कंट्रोल-व्हीने कमांड त्यात पडते आणि एंटर मारलं की पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम आपल्याच हाताने उतरतो. अँटिव्हायरसही कधी कधी गप्प राहतो, कारण कमांड मालकानेच दिलेली असते.

सी-१०३ : फक्त टिक केलीय.

बी-३०२ : मग काळजी नाही. दुसरा कुठलाही मजकूर कॉपी करा, म्हणजे चुकून ती कमांड पेस्ट होणार नाही.

ए-२०४ : कोणी एंटर मारलंच तर?

बी-३०२ : आधी नेट तोडा. त्या मशीनवर पासवर्ड बदलू नका, नवाही चोरीला जाईल. मोबाइलवरून आधी ईमेलचा बदला, मग बँकेचा.

ए-५०१ : आणि ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ कराच, हे हमखास राहतं. ब्राउझरच्या कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या फाइली) चोरीला गेल्या असतील तर चोर पासवर्ड आणि ओटीपीशिवायही खात्यात शिरू शकतो. नंतर विंडोज सिक्युरिटीतला ऑफलाइन स्कॅन लावा, साधारण १५ मिनिटं लागतात. स्कॅनला काही सापडलं नाही तरी मी फॉरमॅटच सुचवेन. पैसे गेले असतील तर बाकी सगळं सोडून आधी १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

डी-४०१ : मार्केट यार्डातल्या दुकानाच्या टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर जातो. तो लावलेलाच असतो, चालेल ना?

ए-५०१ : नाही हो. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, आलं तर हार्डडिस्कबरोबर जोडलेला पेनड्राइव्हही लॉक होतो. हळदीचे हिशोब आणि त्यांचा बॅकअप एकाच वेळी जातील. दोन पेनड्राइव्ह ठेवा, एक आज, दुसरा उद्या. बॅकअप झाला की काढून ठेवा. महिन्यातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून बघा. फाइल दिसते म्हणजे ती उघडतेच असं नाही.

बी-३०२ : दुकानात विंडोज १० असेल तर तेही बघा. त्याचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. सोपं म्हणजे मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवा, मशीनवर ११ चालेल की नाही ते सांगतं.

ए-५०१ : आणि बिलिंगला बसणाऱ्या मुलाला ॲडमिन (सगळे अधिकार असलेलं) खातं देऊ नका, स्टँडर्ड द्या. ॲडमिन पासवर्ड तुमच्याकडेच राहू दे.