टॅब आले म्हणून भागत नाही
विंडोज ११च्या फाइल एक्सप्लोररमध्ये २०२२पासून टॅब आलेत, मग डबल कमांडरसारखा वेगळा फाइल मॅनेजर कशाला, असं काही जण विचारतात. घरगुती वापराला ठीक आहे. पण आमचा जळगावात फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत एका हळदीलाच कॅमेऱ्याची दोन-दोन मेमरी कार्डं भरतात. डबल कमांडरमध्ये दोन फोल्डर शेजारी-शेजारी दिसतात: डावीकडे कार्ड, उजवीकडे हार्डडिस्क, एफ५ दाबलं की कॉपी सुरू. खरी गंमत पुढेच: 'सिंक्रोनाइझ डिरेक्टरीज'मध्ये कंटेंटनुसार तुलना लावली की दोन्हीकडच्या फाइली आतून ताडून बघता येतात. वेळ लागतो, लागू दे. नुसती नावं जुळली म्हणून कार्ड फॉरमॅट मारणाऱ्यांच्या धाडसाला सलाम!

टोटल कमांडर या तशाच दुसऱ्या फाइल मॅनेजरची सवय असेल तर बरीचशी बटणं तीच, कंट्रोल-एमने ढीगभर फाइलींची नावं बदलणंही. शिवाय डबल कमांडर फुकट, आणि लिनक्सवरही चालतो.