उत्तर: कॉर्ड बदलला की स्केल बदलायचा का?
वर विचारलंय की गिटारवर सोलो वाजवताना ब्रिजमध्ये (गाण्याच्या मधल्या भागात) दर कॉर्डला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या दर गटाला, वेगळा स्केल (सुरांचा संच) घ्यायचा का. माझ्या मते नको, हात नुसते स्केलमागे पळत बसतात.

अमेरिकन संगीतकार जेरोम कर्नच्या 'ऑल द थिंग्ज यू आर' या गाण्याचा (१९३९) ब्रिज संपतो ती जागा बघा. तिथले कॉर्ड: एफ शार्प हाफ डिमिनिश्ड, बी सेव्हन, मग ई मेजर. पहिल्या कॉर्डमधला ई हा सूर अर्धा सूर उतरून डी शार्प होतो आणि तिथेच राहतो, ए मात्र बी सेव्हनपर्यंत थांबून मग जी शार्पवर येतो. एवढे दोन सूर धरले तरी कॉर्ड ऐकू येतात.

आता खरी गंमत, मेलडीत तोच जी शार्प पुढे ए फ्लॅट म्हणून येतो आणि त्याखाली कॉर्ड येतात सी सेव्हन शार्प फाइव्ह, मग एफ मायनर, म्हणजे आपल्या हिशोबात ईला सा धरलं तर शुद्ध गंधार, सीला कोमल धैवत आणि एफला कोमल गंधार, सूर तोच! सा असा सारखा हलतो म्हणून मिरजेचा तंबोरा कितीही गोड असला तरी इथे कामाचा नाही 😀

सांगलीत मला बासवाला मिळत नाही, मी फोनवर नुसते रूट्स (कॉर्डचे मूळ सूर) रेकॉर्ड करून त्यावर तो एकच जी शार्प धरून बसतो. आधी गाऊन बघा, मग गिटार घ्या.