मदत हवी आहे: त्र्यंबक आणि सिन्नरला सारखाच पाऊस?

परवा रात्री नेटवर भटकताना नासाची ‘पॉवर’ साइट सापडली. नकाशावर कुठेही टिचकी मारा, 1981 पासूनचा रोजचा पाऊस एक्सेलमध्ये फुकट. हरखूनच गेलो! मग त्र्यंबकेश्वर आणि सिन्नरचे आकडे शेजारी ठेवले, तर दशांशापर्यंत तंतोतंत सारखे. नाशिकच्या शेंबड्या पोराला विचारा, तोही हसेल.

कारण नंतर कळलं. नासा नकाशाचे चौकोन पाडून एका चौकोनाला एकच आकडा देते. तिथला एक चौकोन अक्षांशात अर्धा अंश आणि रेखांशात 0.625 अंश, म्हणजे साधारण 55 बाय 65 किलोमीटर. त्र्यंबकचा घाटमाथा आणि सिन्नरची पर्जन्यछाया एकाच डब्यात.

मग पुण्याच्या हवामान खात्याची पाव अंशाच्या चौकोनांची पावसाची फाइल उतरवली. ती 1901 पासूनची, सोनंच! पण एक्सेलमध्ये उघडली तर नुसती अगम्य चिन्हं. ती वाचायला पायथॉनमध्ये कोड लिहितात म्हणे, ते मला येत नाही.

मला सिन्नरच्या शेततळ्याचा हिशोब करायचाय, म्हणून जून ते सप्टेंबरचा रोजचा पाऊस हवा, किमान 30 वर्षांचा. वार्षिक सरासरी नको, ती आहे. शेतातल्या पर्जन्यमापकाच्या नोंदी फक्त 4 वर्षांच्या आहेत. पैसे भरायची तयारी नाही.

‘चर्प्स’ (CHIRPS, उपग्रह आणि पर्जन्यमापकांवरून काढलेले पावसाचे आकडे) यातला चौकोन 0.05 अंशाचा, म्हणजे जेमतेम 5 किलोमीटरचा, असं वाचलं. आपल्याकडे कुणी तो स्वतःच्या पर्जन्यमापकाशी ताडून पाहिलाय का? आणि हवामान खात्याची ती फाइल कोड न लिहिता एक्सेलमध्ये कशी आणायची?